परदेशातल्या मित्राशी प्रश्नोत्तरे : संस्कृती, निसर्ग आणि हवामान यांविषयी काय विचारावे आणि कसे

परदेशात राहणाऱ्या मित्राशी ओळख वाढू लागली की प्रश्न आपसूक सुरू होतात. तुमच्याकडे थंडी किती पडते, मोठा सण कोणता, जेवणात काय असते, असे ते पहिले प्रश्न असतात आणि त्यांत वावगे काहीच नाही. परंतु त्यांची उत्तरे कोणत्याही ज्ञानकोशात मिळत असल्यामुळे दोन-चार पत्रांतच दोन्ही बाजूंचा उत्साह ओसरतो. पत्रव्यवहार टिकवायचा असेल तर एक नियम पाळावा, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे : जो प्रश्न पाठवायचा, त्याचे आपल्या परिसरापुरते उत्तर आधी स्वतः शोधावे आणि ते प्रश्नासोबतच पाठवावे. त्यामुळे उत्तर किती लांबीचे आणि किती बारकाईचे अपेक्षित आहे हे समोरच्याला न सांगता कळते, आणि आपल्यालाही आपले शहर नव्याने धुंडाळावे लागते.

हे मुंबईत राहणाऱ्या वाचकाने कसे करावे, ते पुढे क्रमाने सांगितले आहे. उदाहरणासाठी नॉर्वेतले बर्गेन हे शहर घेतले आहे. माझा स्वतःचा पत्रव्यवहार तिथल्या एका मैत्रिणीशी चालतो, आणि मुंबईप्रमाणेच बर्गेनही बंदराचे, मासळीचे आणि पावसाचे शहर आहे. आपला मित्र केनियात असो वा कोरियात, पद्धत हीच राहते.

पहिली पायरी : देश बाजूला ठेवून ठिकाण ठरवावे

‘नॉर्वेत हवा कशी असते?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण तो देश दक्षिणोत्तर इतका लांब पसरला आहे की एका टोकाला हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही, तर दुसऱ्या टोकाला त्याच दिवसांत काही तास तरी उजेड असतो. ‘भारतात पाऊस किती पडतो?’ हा प्रश्नही तितकाच निरुपयोगी आहे. म्हणून दोघांनी सुरुवातीलाच आपापले ठिकाण ठरवून घ्यावे, आणि ते पायी फिरता येईल इतके लहान असावे. मुंबई हे एक ठिकाण मानू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्यात तो जेमतेम ७३ मिलिमीटरच्या आसपास होता. त्या दिवसाविषयी ‘मुंबईत किती पाऊस झाला?’ असे कोणी विचारले, तर कुठल्या मुंबईत, असा उलट प्रश्न विचारणे भाग आहे. आपण मुलुंडला राहत असू तर मुलुंड आणि त्यामागचा डोंगर, वर्सोव्याला राहत असू तर कोळीवाडा, खाडी आणि चौपाटी एवढेच आपले क्षेत्र, असे मित्राला कळवावे आणि सोबत हाताने काढलेला एक साधा नकाशा पाठवावा. त्याच्याकडूनही तसाच नकाशा मागवावा.

दुसरी पायरी : वेळ आणि माध्यम

यात फार अडकून पडू नये. भारत आणि नॉर्वे यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेचार तासांचे आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर असते, कारण तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे करतात. थेट बोलण्यासाठी आपली रात्री आठ-नऊची वेळ बहुतेक युरोपीय मित्रांना सोयीची पडते. मात्र या प्रकारची प्रश्नोत्तरे लेखीच असावीत, मग ती ईमेलने असोत वा टपालाने, कारण उत्तर शोधायला चार दिवस लागले तर लागू द्यावेत. महिन्याला एक प्रश्न पुरेसा होतो. एका पत्रात दहा प्रश्न पाठवले तर दहा एकोळी उत्तरे येतात.

तिसरी पायरी : स्वतःचे उत्तर आधी शोधावे

पावसाचेच उदाहरण सविस्तर पाहू. बर्गेनमध्ये वर्षभरात साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कुलाब्याला दोन हजारांच्या थोडा वर आणि सांताक्रूझला त्याहून काहीसा जास्त पडतो. वर्षाच्या आकड्यावरून पाहिले तर ही दोन शहरे सख्खी भावंडे वाटतात. पण आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोहोचतात, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततात आणि उरलेले सात-आठ महिने आकाश जवळजवळ कोरडे असते. बर्गेनमध्ये मात्र अटलांटिकवरून येणारे दमट पश्चिमी वारे शहराभोवतीच्या डोंगरांना अडून वर्षभर बरसत राहतात, वर्षातल्या दोनशेहून अधिक दिवसांत पाऊस असतो आणि शरद-हिवाळ्यात तो सर्वांत जास्त असतो. २००६च्या ऑक्टोबरअखेरीपासून २००७च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस पाऊस पडल्याची नोंद आहे.

आता प्रश्न तयार करावा. ‘तुमच्याकडे पाऊस आवडतो का?’ असे विचारण्यापेक्षा आपले उत्तर आधी लिहावे : आमच्याकडे मे महिन्यात गच्चीची गळती बंद करून घेतात, गॅलरीला निळी ताडपत्री बांधतात, कपड्यांसाठी घरात दोऱ्या लावतात, शाळेच्या खरेदीत रेनकोट आणि पावसाळी चपला येतात, आणि ज्या दिवशी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या वेळीच जोराचा पाऊस येतो त्या दिवशी पाणी समुद्रात जाऊ न शकल्याने सखल भागांत साचते, म्हणून महापालिका अशा भरतींच्या तारखा आधीच जाहीर करते. त्यानंतर विचारावे : तुमच्या घरात पावसासाठी कोणती तयारी असते, ती वर्षातून एकदा करतात की नेहमीचीच असते, आणि जोराचा पाऊस आला तर तुमच्या शहरात पाणी कुठून वाहून जाते?

अशा प्रश्नाला उत्तर देताना समोरच्याला खिडकीबाहेर पाहावे लागते. माझ्या मैत्रिणीने याच प्रश्नाच्या उत्तरात तिच्या इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळ ओल्या कपड्यांसाठी केलेल्या खोलीचे रेखाचित्र पाठवले होते आणि लहान मुले पावसातही बालवाडीच्या अंगणात खेळतात, हे सांगताना त्यांच्या अंगावरच्या रबरी पोशाखांचे चित्रही काढले होते. एवढे तपशील कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत मिळाले नसते.

आकड्यांची देवाणघेवाण करताना मोजमापाची पद्धत अवश्य सांगावी. आपल्या हवामान विभागाचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. त्यामुळे ‘मंगळवारचा पाऊस’ म्हणून छापलेला आकडा बराचसा सोमवारचा असू शकतो. शिवाय ‘जोरदार’ हा शब्द प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापाचा असतो. आपल्याकडे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार आणि २०४.४च्या पुढे अत्यंत मुसळधार अशी वर्गवारी आहे. १४ सप्टेंबर २००५ रोजी बर्गेनमध्ये एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि डोंगराचा कडा घसरून माणसे दगावली. आपल्या २६ जुलैच्या प्रलयानंतर जेमतेम सात आठवड्यांनी घडलेली ही घटना, पण तिथली डोंगरउतारावरची माती आणि आपली भरतीच्या पाण्यात अडकलेली मिठी नदी यांचे दुखणे निराळे आहे. केवळ मिलिमीटर समोरासमोर ठेवून कोणाचे संकट मोठे हे ठरवू नये. पाणी कशावर पडले, ते विचारावे.

चौथी पायरी : निसर्गाविषयी विचारताना एकच वस्तू निवडून दोघांनी पाहावी

निसर्गाच्या बाबतीत प्रश्नापेक्षा निरीक्षण अधिक उपयोगी पडते, आणि सर्वांत सोपे निरीक्षण सावलीचे आहे. मार्चमध्ये २० किंवा २१ तारखेला दिवस-रात्र सारखे असतात. त्या दिवशी दोघांनी एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जागी ओळंब्याने उभी करावी आणि दुपारी सव्वाबारापासून सव्वापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली मोजून ती मित्राला कळवावी. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर असल्याने आपली सावली साधारण ३५ सेंटिमीटर भरते. बर्गेन ६० अक्षांशाच्या थोडे उत्तरेला असल्याने तिथली सावली काठीहूनही लांब, म्हणजे जवळपास पावणेदोन मीटर पडते. यात एक सुंदर योग आहे. मुंबई भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून जितकी पश्चिमेला आहे, जवळजवळ तितकेच बर्गेनही मध्य युरोपीय वेळेच्या रेखांशापासून पश्चिमेला आहे, त्यामुळे त्या दिवशी दोघांच्याही घड्याळात पाऊण वाजण्याच्या सुमारासच सावली सर्वांत आखूड होते. आपली खूण करून झाल्यावर साडेचार तासांनी तिथे तीच खूण होत असते. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यातच लपते; तसा दिवस बर्गेनमध्ये कधीच येत नाही. जुलैअखेरीस आपल्याकडे तो पुन्हा येतो, पण तेव्हा सहसा ढग असतात, म्हणून मे महिन्यातली संधी सोडू नये. ज्या मुलांना अक्षांश पाठ्यपुस्तकातून समजत नाहीत, त्यांना ते या एका काठीने समजतात, हे मी आग्रहाने सांगतो.

दुसरे निरीक्षण झाडाचे असावे. प्रत्येकाने घराजवळचे एकच झाड निवडून वर्षभर त्याची नोंद ठेवावी : पाने कधी गळली, कोवळी पालवी कधी आली, पहिले फूल कधी दिसले, झाडावर कोण येऊन बसते. मुंबईत बहावा, ताम्हण, काटेसावर किंवा पळस यांपैकी एखादे निवडल्यास बदल ठळक दिसतात. काटेसावर आणि पळस हिवाळा सरता-सरता फुलतात, तर बहावा आणि ताम्हण ऐन उन्हाळ्यात. झाड ओळखता येत नसेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जावे. बर्गेनच्या मित्राला बर्च वृक्ष सुचवावा. त्याला वसंतात फुटणारी पालवी सहज लक्षात येते. इथे एक प्रश्न हमखास रंगतो : आपल्याकडे बऱ्याच झाडांची पानगळ कोरड्या दिवसांत होते, तर तिथे थंडी आणि घटता उजेड पाहून होते. मग झाडाला ऋतू कशावरून कळतो, असे दोघांनी एकमेकांना विचारावे आणि आपापल्या नोंदींवरून उत्तर द्यावे. नोंदी सार्वजनिक उपयोगी पडाव्यात असे वाटत असेल, तर झाडांच्या ऋतुमानासाठी भारतात ‘सीझनवॉच’ आणि जगभर कोणत्याही सजीवाच्या नोंदीसाठी ‘आयनॅचरलिस्ट’ आहे.

पक्ष्यांविषयी विचारताना दोन्ही ठिकाणांना जोडणारा पक्षी शोधावा. ठाणे खाडीतले आणि शिवडीचे रोहित पक्षी मित्राला दाखवण्यासारखे आहेतच, पण मला अधिक मोलाचा वाटतो तो लाल मानेचा फॅलरोप. हा चिमणीहून थोडा मोठा पाणपक्षी स्कॅन्डिनेव्हियाच्या, म्हणजे नॉर्वे-स्वीडनच्या बाजूच्या प्रदेशाच्या, उत्तर भागात अंडी घालतो आणि तिथले बरेच पक्षी हिवाळा अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून दूर लाटांवर तरंगत काढतात. असा एक पक्षी सापडला की ‘तो तुमच्याकडून कधी निघतो आणि आमच्याकडे कधी येतो?’ हा प्रश्न दोघांचा होतो.

पाचवी पायरी : संस्कृतीविषयी विचारताना कृती विचारावी

‘तुमची संस्कृती कशी आहे?’ या प्रश्नाने समोरचा माणूस गोंधळतो, कारण रोजच्या जगण्याला कोणी संस्कृती म्हणून पाहत नसते. त्याऐवजी हाताने केली जाणारी एखादी गोष्ट विचारावी. मी पाठवलेल्या एका प्रश्नाचा मजकूर नमुन्यादाखल देतो.

‘आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पावसाळा संपल्यावर बोंबील वाळत घालतात. बांबूची उंच चौकट उभारून तिच्यावर आडव्या काठ्या बांधतात आणि दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते काठीवर टांगतात. हे काम बहुतांशी बायका करतात. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, आणि पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात. त्या बंदीच्या दिवसांत घरोघरी सुके बोंबील, सुकट आणि सोडे बाहेर निघतात. तुमच्याकडे मासे वाळवतात का, कोणत्या महिन्यांत, कोण वाळवते, आणि ते कसे शिजवतात?’

उत्तरातून कळले की उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवर फेब्रुवारी ते मे या महिन्यांत कॉड मासा लाकडी चौकटींवर वाळवतात, मीठ न लावता, आणि तिथे दोन मासे शेपटीला शेपटी बांधून टांगतात. ऊन तापण्याआधीच्या गार, कोरड्या वाऱ्यावर तो वाळतो. माश्या घोंगावू लागायच्या आत काम उरकावे लागते. हाच सुका मासा शतकानुशतके बोटींतून बर्गेनला येत असे, आणि चौदाव्या शतकात तिथे ठाण मांडलेल्या हान्सा संघाच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, जर्मन व्यापाऱ्यांनी त्यावर धनसंपत्ती उभी केली. बंदरावरची त्यांची लाकडी घरांची रांग, ब्रिगेन, १९७९पासून जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे एका चौकटीवरच्या मासळीपासून निघालेला प्रश्न भूगोल, व्यापार आणि स्वयंपाकघर इतक्या ठिकाणी जाऊन आला.

सणांच्या बाबतीत ‘तुम्ही काय साजरे करता?’ यापेक्षा ‘त्या दिवशी लहान मुलांकडे कोणते काम असते?’ हे विचारून पाहावे. १७ मे हा नॉर्वेचा संविधान दिन, १८१४च्या संविधानाचा. त्या दिवशी शाळकरी मुलांच्या मिरवणुका निघतात, मोठी माणसे आपापल्या प्रांताचा पारंपरिक पोशाख घालतात आणि बर्गेनच्या वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलांची ढोलपथके रस्त्यावर येतात. त्या उत्तराशेजारी गिरगावातली पाडव्याची शोभायात्रा ठेवून पाहावी आणि गणपतीत मंडपातल्या मुलांना कोणती कामे देतात, तेही लिहावे. धार्मिक अर्थ सांगण्याची घाई करू नये. विचारले तर सांगावे.

सहावी पायरी : हवामानबदल

इथे सर्वाधिक काळजी हवी. एका उन्हाळ्याचा कडाका किंवा एका वर्षीचा लांबलेला पाऊस म्हणजे हवामानबदल असे लिहू नये. हवामानाची सरासरी तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात आणि सध्या १९९१ ते २०२० हा काळ आधाराला घेतला जातो. म्हणून या विषयावरचे उत्तर दोन भागांत लिहावे. पहिल्या भागात घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण असावी. आजी-आजोबांना नेमके विचारावे : चाळीतल्या गॅलरीत उन्हाळ्यात झोपायला कधी जात, गोधडी कोणत्या महिन्यात निघे, विहिरीला पाणी कुठपर्यंत टिके. दुसऱ्या भागात हवामान विभागाची नोंद असावी. दोन्ही जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत तर दोन्ही तशाच लिहाव्यात, कारण गॅलरीतली झोप कधी उष्म्याने, कधी मोटारींच्या आवाजाने तर कधी समोर उभ्या राहिलेल्या इमारतीनेही सुटलेली असते. मित्राला याच धर्तीवर विचारावे की त्याच्या आईवडिलांच्या लहानपणी घराजवळचे तळे स्केटिंग करता येईल इतके कोणत्या महिन्यांत गोठत असे आणि आता काय होते.

समुद्राच्या पातळीचा प्रश्न जरूर विचारावा, कारण त्याचे उत्तर अनपेक्षित येते. मुंबईत अपोलो बंदरला भरतीची नोंद १८७८पासून आहे आणि आपल्यासाठी वाढती पातळी ही थेट चिंतेची बाब आहे. स्कॅन्डिनेव्हियावर हिमयुगात असलेला बर्फाचा प्रचंड भार उतरल्यापासून तिथली जमीन मात्र अजूनही हळूहळू वर येत आहे, कुठे जास्त तर कुठे कमी. त्यामुळे समुद्र चढत असला तरी नॉर्वेच्या किनाऱ्यावर जागोजागी त्याचा परिणाम वेगळा दिसतो.

सातवी पायरी : नाजूक प्रश्न

कधीतरी अवघड प्रश्न येतातच आणि ते यायला हवेत. नॉर्वेत तयार होणारी वीज बहुतांशी जलविद्युत आहे, २०२४मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या, आणि तोच देश खनिज तेल व वायूचा मोठा निर्यातदार आहे. हा विरोध मित्राला विचारावासा वाटला, तर आधी आपल्या अंगणातला विरोध मांडावा : मुंबईने मार्च २०२२मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले, मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांना संरक्षण दिले, तरीही नवे रस्ते आणि पूल आखताना कांदळवने तोडण्याची परवानगी मागितली जाते. ‘आम्ही या दोन गोष्टी एकत्र कशा सांभाळतो ते सांगितले, तुमच्याकडे लोक घरी याविषयी काय बोलतात?’ असे विचारल्यावर ते दोषारोपासारखे वाटत नाही. ‘तुमचे सरकार असे का करते?’ हा सूर टाळावा. मित्र सरकारचा प्रवक्ता नसतो.

आपल्याला झोपडपट्टी, कचरा किंवा गर्दी यांविषयी विचारले गेले, तर रागावू नये आणि सारवासारवही करू नये. देवनारची कचराभूमी १९२७पासून वापरात आहे हे सांगावे, आणि आपल्या घरातला ओला कचरा रोज कोण उचलते, तो कुठे जातो हे स्वतः विचारून मग लिहावे. जंगलाविषयी विचारले तर बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, शंभर चौरस किलोमीटरहून थोडे मोठे, मुंबई आणि ठाणे यांच्या हद्दीत आहे आणि त्यात बिबटे राहतात, हे सांगितल्यावर पुढचा प्रश्न नक्की येतो. उलट आपण विचारावे की जंगलात कोणाला जाता येते. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने माळरानात आणि रानात मालकी कोणाचीही असली तरी सर्वांना पायी फिरण्याचा हक्क आहे, आणि तंबू ठोकताना घरापासून दीडशे मीटर अंतर राखावे लागते. आपल्याकडे तिकीट, वेळा आणि बिबट्यांचा वावर यांमुळे व्यवस्था निराळी आहे. ती का निराळी, हे लिहिण्यात एक अख्खे पत्र खर्ची पडले तरी हरकत नाही.

आठवी पायरी : भाषा आणि नोंदी

बहुतेक पत्रव्यवहार इंग्रजीत होईल. आपले उत्तर आधी मराठीत लिहून मग भाषांतरित करावे, म्हणजे तपशील गळत नाहीत. यांत्रिक भाषांतर वापरले तर झाडे, मासे आणि पदार्थ यांची नावे हमखास बिघडतात. त्यासाठी झाडाचे किंवा माशाचे शास्त्रीय नाव सोबत लिहावे आणि छायाचित्र जोडावे. बोंबलाच्या बाबतीत तर हे फारच गरजेचे आहे, कारण ‘बॉम्बे डक’ या त्याच्या प्रचलित इंग्रजी नावावरून परदेशी माणूस त्याला बदक समजतो.

प्रत्येक उत्तर एका वहीत किंवा फाइलीत तारीख, ठिकाण आणि माहिती कुठून मिळाली यांसह ठेवावे. ‘मी पाहिले’, ‘आजीने सांगितले’ आणि ‘वेधशाळेची नोंद’ या तीन खुणा वेगळ्या ठेवल्या, तर वर्षानंतर काय तपासायचे ते लगेच सापडते. मित्राने पाठवलेली छायाचित्रे इतरांना दाखवण्यापूर्वी त्याला विचारावे, आणि कोळीवाड्यात किंवा पाड्यावर कोणाचे छायाचित्र काढून बाहेर पाठवायचे असेल तर त्या व्यक्तीची, मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांची, परवानगी घ्यावी. दुर्मीळ पक्ष्यांची घरटी आणि बिबट्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा यांची अचूक जागा पत्रातही लिहू नये. परिसराचे नाव पुरेसे असते.